वीस मिनिटांची ओळ

खुंटाकाका हे नाव मी ठेवलं. आधी हे सांगून टाकते, कारण पुढे जे सांगायचंय त्यात हीच त्यातल्या त्यात हलकी गोष्ट आहे.

खिडकीपासून तिसऱ्या टेबलावर ते अकरा वर्षं बसत. माणूस जागचा हलायचा नाही आणि मतावरून तर नाहीच नाही, म्हणून खुंटा. वर त्यांची सवय अशी, की प्रत्येक गोष्ट दोनदा तपासायची. झालं का? झालं. नक्की झालं ना? हलवून खुंटा बळकट! आठवड्याभरात सगळं ऑफिस त्यांना तेच म्हणायला लागलं. त्यांच्या कानावर गेलं तेव्हा शांतपणे म्हणाले, "बरंय की. खुंट्याला निदान कोणीतरी बांधलेलं असतं." सगळे हसले. मीही हसले, पण आतून चिडले, कारण माझ्या विनोदापेक्षा त्यांचा चांगला होता.

आमच्या कंपनीचं काम सांगायला सोपं आहे. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांच्या घरी आम्ही एक लहानशी पेटी देतो. तिला एकच हिरवं बटण. सकाळी नऊच्या आत ते दाबायचं. दाबलं म्हणजे मी उठलोय, ठीक आहे, काळजी नको. नाही दाबलं तर आमच्याकडून पहिल्या नंबरला आपोआप फोन जातो. मुलगा, मुलगी, भाचा, जो कोणी दिलेला असेल तो. वीस मिनिटांत तिकडून काही कळलं नाही तर दुसऱ्या नंबरला. हा बहुतेक शेजाऱ्यांचा, ज्यांच्याकडे घराची किल्ली असते त्यांचा. मग तिसऱ्या. अशी साडेचार हजार घरं.

हे सगळं सांभाळणारा प्रोग्राम काकांनी एकहाती लिहिलेला. तो एका सर्व्हरवर चालायचा, म्हणजे चोवीस तास जागा. कोणी बटण दाबो न दाबो, तो बसलेला. काकांचं मूळ काम टेलिफोन एक्स्चेंजमधलं. वायरी, जोडण्या, बिघडलेल्या लाइनी. एक्स्चेंज बंद पडलं तेव्हा ते बेचाळीस वर्षांचे होते. बरोबरीच्या लोकांनी कोणी दुकान टाकलं, कोणी गाडी चालवायला घेतली. हे लायब्ररीतून प्रोग्रामिंगचं पुस्तक घेऊन आले आणि भावाच्या घरी जेवणाच्या टेबलाच्या कडेला बसून शिकले. लग्न केलेलं नव्हतं. वहिनी म्हणायची, भाऊजी, आता या वयात काय परीक्षा देणार आहात? हे म्हणायचे, परीक्षा नाही, पास व्हायचंय फक्त.

ती वीस मिनिटं त्यांनी हवेतून आणली नव्हती. पहिल्या वर्षी त्यांनी दोनशे घरी फोन करून विचारलं होतं. आंघोळीला किती वेळ लागतो? सकाळी फिरायला जाता का? चुकलेला फोन दिसला की किती वेळाने उलटा करता? त्याची वही त्यांच्या खणात होती. "गुडघे दुखणाऱ्या माणसाला फोनपर्यंत पोचायला चौदा रिंगा लागतात," हे त्यांनी मला एकदा सांगितलं होतं, आणि मी कॅन्टीनमध्ये त्यांची नक्कल करून सगळ्यांना हसवलं होतं.

माझ्या जिभेला हाड नाही असं आई लहानपणापासून सांगते. मी हुशार आहे, हे मला फार लवकर कळलं आणि तिथंच घात झाला.

तर भांडण कशावरून झालं ते. सकाळी पावणेनऊ ते नऊ या पंधरा मिनिटांत साडेचार हजारातली निम्मी माणसं बटण दाबायची. सर्व्हर धापा टाकायचा. दोनदा तर बटण दाबूनही नोंद झाली नाही आणि ठणठणीत माणसांच्या घरी शेजारी धावत गेले. मॅनेजरसाहेबांनी मला बोलावलं आणि म्हणाले, तुझं काय म्हणणं आहे? माझं म्हणणं तयारच होतं. सर्व्हर काढून टाकायचा, सगळं फंक्शनवर न्यायचं.

फंक्शन म्हणजे काय, तर प्रोग्रामचा एक लहान तुकडा. तो बसून राहत नाही. बटण दाबलं की उठतो, नोंद करतो, झोपतो. हजार जणांनी एकदम दाबलं तर हजार तुकडे एकदम उठतात. दुकानात दिवसभर गल्ल्यावर बसलेला दुकानदार म्हणजे सर्व्हर, आणि घंटी वाजली की वरच्या मजल्यावरून खाली येऊन माल देऊन परत जाणारा म्हणजे फंक्शन. मशीन सांभाळायचं झंझट नाही. खरंच चांगली गोष्ट आहे, आजही मी हेच म्हणेन. नऊच्या गर्दीवर तेच औषध होतं.

मीटिंगला आम्ही सहा जण होतो. मी पडद्यावर चित्रं दाखवली. काका शेवटपर्यंत ऐकत होते. मग म्हणाले, "बटण दाबणाऱ्यांसाठी तुझं बरोबर आहे. घेऊन टाक. पण न दाबणाऱ्यांसाठी माझा सर्व्हर राहू दे."

"म्हणजे?"

"म्हणजे दाबणं ही घटना आहे. घटना घडली की तुझं फंक्शन उठेल. न दाबणं ही घटना नाही. तिथं कोणीतरी वाट बघत बसावं लागतं."

"काका, दर दहा मिनिटांनी फंक्शनला उठवणारं घड्याळ लावता येतं," मी म्हटलं.

"उठेल. बघेल. पहिला फोन करेल. पुढची वीस मिनिटं कोण थांबणार?"

आता खरं सांगते, प्रश्न अगदी योग्य होता. फंक्शनला थांबायला सांगायचं नसतं. काम संपलं की ते गोठतं, मग त्याच्या आत लावलेला गजर वाजतच नाही. वाट बघायची असेल तर "अमक्याला नऊ वीसला दुसरा फोन" असं बाहेर लिहून ठेवायचं आणि घड्याळाने उठवलेल्या पुढच्या फंक्शनने ते वाचायचं. हे मला माहीत नव्हतं का? मी या विषयावर दोनदा भाषण दिलेलं आहे, लोकांनी टाळ्या वाजवल्यात. मला एवढंच म्हणायचं होतं की, हो काका, ते लिहून ठेवावं लागेल, आपण दोघं मिळून करू. किंवा, तुमचा सर्व्हर राहू दे तेवढ्यापुरता. दोन्ही चाललं असतं.

त्याऐवजी मी म्हटलं, "काका, थांबायचं काम तुमच्याइतकं चांगलं कोणाला जमणार? अकरा वर्षं एकाच खुर्चीत!"

खसखस पिकली. साहेबही हसले. काकांनी चष्मा काढून पुसला, परत घातला, आणि म्हणाले, "ठीक आहे. पण ते थांबायचं तेवढं नीट बघ हं."

"बघते हो," मी म्हटलं. म्हणजे, विषय संपवा.

सगळं हलवायला मी साहेबांना तीन आठवड्यांचा शब्द दिला होता. कोणी मागितला नव्हता, मीच दिला. एकतीस फंक्शन लिहायची होती. तीस मी नवीन लिहिली, आजही कोणाला दाखवायला लाजणार नाही अशी. एकतिसावं न दाबणाऱ्यांचं. ते शेवटच्या दिवसासाठी ठेवलं होतं. शेवटच्या दिवशी दुपारी मी काकांची फाइल उघडली, त्यांची ओळ बघितली, "पहिला फोन कर, वीस मिनिटं थांब, मग दुसरा," आणि ती फाइल जशीच्या तशी उचलून नव्या जागी ठेवली. मनात म्हटलं, नंतर बदलू.

चाचणी घ्यायची होती. वीस मिनिटं कोण बसणार तिथं? चाचणीसाठी मी सेटिंगमध्ये वीस मिनिटांचे वीस सेकंद केले. पहिला फोन वाजला, वीस सेकंदांनी दुसरा वाजला. वा! वीस सेकंद फंक्शन जागं राहतं, वीस मिनिटं राहत नाही. हे माझ्या डोक्यात आलं का? हो, आलं होतं. अगदी पुसट, घरातून निघताना गॅस बंद केला का, असं येतं तसं. मी सेटिंग परत वीस मिनिटांवर केलं आणि साहेबांना निरोप पाठवला, "झालं!" पुढे उद्गारचिन्ह दिलं होतं.

सात आठवडे काही झालं नाही. नऊला गर्दी व्हायची आणि सगळं लोण्यासारखं चालायचं. साहेबांनी सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं. जुना सर्व्हर बंद झाला. बटण न दाबणारे रोज वीस-पंचवीस असायचे, पण त्यांच्या पहिल्या नंबरवर फोन उचलला जायचा, नाहीतर ते उशिरा का होईना स्वतःच बटण दाबायचे, म्हणून दुसरा फोन जात नाही हे कोणाला कळलंच नाही.

मग टायपिंगच्या बाई पडल्या.

बाई अठ्ठ्याहत्तरच्या. चाळीस वर्षं टायपिंग शिकवलं, अर्ध्या गावातल्या कारकुनांची बोटं त्यांनी सरळ केलेली. दोन खोल्यांत एकट्या राहायच्या, आणि एकटं राहणं त्यांना आवडायचं. सकाळी साडेसातला न्हाणीघरात पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. पेटी बाहेर, स्वयंपाकघराच्या कट्ट्यावर. नऊला आमच्या फंक्शनने बरोबर ओळखलं, की बटण दाबलेलं नाही. मुलाला फोन केला. मुलगा दिवसभराच्या प्रवासात, फोन बंद. फंक्शनने बाईंच्या नावापुढे "पाठपुरावा चालू" अशी खूण केली आणि वीस मिनिटं थांबायला गेलं. ते काही परत आलं नाही. आणि खूण होती म्हणून दर दहा मिनिटांनी होणारी प्रत्येक फेरी बाईंना वगळत गेली. दुसरा नंबर भिंतीपलीकडच्या शेजारणीचा होता. तिच्याकडे किल्ली होती. तो वाजलाच नाही.

संध्याकाळी साडेसहाला मुलाने फोन चालू केला, आमचा चुकलेला फोन बघितला, शेजारणीला कळवलं. बाई अकरा तास ओल्या फरशीवर पडून होत्या.

जीव वाचला. पण शस्त्रक्रिया, मग वॉकर, मग मुलाच्या घरची मागची खोली. त्या दोन खोल्या सुटल्या त्या सुटल्याच.

चौकशीच्या दिवशी त्याच खोलीत आम्ही बसलो. साहेबांनी पडद्यावर ती फाइल उघडली. कोणती ओळ कोणी लिहिली हे दाखवायची सोय असते. "वीस मिनिटं थांब" या ओळीपुढे काकांचं नाव होतं. मी फाइल जशीच्या तशी हलवली होती, त्यामुळे नावही तसंच राहिलं होतं.

"ही ओळ अडकली," साहेब म्हणाले. "काका, ही तुमची ना?"

मला वाटलं, आता ते सांगतील. सर्व्हरवर हीच ओळ अकरा वर्षं बिनचूक चालली, तिला फंक्शनमध्ये कोणी नेऊन टाकलं ते विचारा. एवढं एक वाक्य पुरेसं होतं. काकांनी पडद्याकडे बघितलं. त्यांना तीन सेकंदांत सगळं कळलं, हे मला दिसलं. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. रागाने नव्हे हो, रागाने बघितलं असतं तर मी भांडले असते, भांडणात मी पटाईत आहे. त्यांनी नुसतं बघितलं, मी बोलतेय का ते. बराच वेळ बघितलं.

मी मूग गिळून बसले.

"ओळ माझीच आहे," काका म्हणाले.

अहवाल लिहायचं काम माझ्याकडे आलं. मी लिहिलं, "जुन्या कोडमधून आलेल्या दोषामुळे दुसरा फोन गेला नाही." हे वाक्य मी चार वेळा बदललं आणि चौथ्यांदा ते असं झालं, की त्यातला एकही शब्द खोटा नव्हता. शब्दन् शब्द खरा ठेवून मी एका माणसाच्या डोक्यावर खापर फोडलं. अक्कल कुठे वापरावी याला काही सीमा? काकांनी तो वाचला, सही केली, पेन बंद करून मला परत दिलं. दुसऱ्या दिवसापासून त्यांना प्रोग्रामला हात लावायची परवानगी नव्हती. त्यांना तक्रारीचे फोन घ्यायच्या टेबलावर बसवलं, जिन्याजवळ. निवृत्तीला चार महिने राहिले होते. मधल्या काळात मी ते एकतिसावं फंक्शन गुपचूप दुरुस्त केलं, वाट बघायचं काम बाहेर लिहून ठेवणारं, जसं पहिल्याच दिवशी करायला हवं होतं तसं. दोन तास लागले. फक्त दोन तास!

त्या चार महिन्यांत मी जिन्याने जायचं सोडलं. दोन मजले लिफ्टने जायची आणि लोकांना सांगायची, गुडघा दुखतोय. नवीन लोक काकांकडे बोट दाखवून एकमेकांना सांगायचे, तो बाईंवाला घोळ केला ना, ते हे. मी ऐकायची आणि कॉम्प्युटरमध्ये डोकं घालायची. घरी आई विचारायची, काय झालंय तुला, ताटात बोट फिरवत बसतेस? मी तिच्यावर ओरडायची. चोराच्या मनात चांदणं.

शेवटी एका रविवारी तिला सांगितलं. मला वाटलं, ती म्हणेल जाऊ दे, होतं असं, चुका सगळ्यांच्याच होतात. आई भाजी निवडत होती. हात थांबवून म्हणाली, "चुकलीस ते समजलं. पण त्यांनी तुझ्याकडे बघितलं तेव्हा तू गप्प बसलीस?"

"हो."

"आणि अजून गप्पच आहेस?"

"हो."

आईने भाजीची परात उचलली आणि आत निघून गेली. त्या दिवशी ती माझ्याशी बोलली नाही. माझी आई, जिला गप्प बसवायला देव आला तरी जमणार नाही, ती.

काका शुक्रवारी निवृत्त होणार होते. गुरुवारी दुपारी मी जिन्याजवळच्या टेबलाशी गेले. चार महिन्यांत पहिल्यांदा. ते पिशवी भरत होते.

"काका, बोलायचं होतं."

"मी बाहेर निघालोय. चलतेस तर चल, वाटेत बोल."

वाटेत मी बोलले नाही. दोन बस बदलल्या, पंचेचाळीस मिनिटं शेजारी बसून होते, आणि प्रत्येक थांब्याला ठरवत होते, की पुढच्या थांब्याला सांगते. काकांनी एकदा विचारलं, "गुडघा कसा आहे?" म्हणजे तेही त्यांच्या कानावर गेलं होतं. मी म्हटलं, बरा आहे. कुठे चाललोय ते मी विचारलंच नाही. दार उघडलं आणि समोर वॉकर धरून बाई उभ्या होत्या, तेव्हा कळलं.

काका दर गुरुवारी तिथं जात होते. बाईंच्या मुलाने त्यांना आत घ्यायला पहिल्यांदा नकार दिला होता. दुसऱ्यांदाही. तिसऱ्यांदा बाईच आतून ओरडल्या, येऊ दे त्याला, मला बोलायचंय.

खोली लहान होती. एक पलंग, एक खुर्ची, खिडकीतून शेजारच्या इमारतीची भिंत. बाई पलंगावर बसल्या, काका स्टुलावर. मला खुर्ची दिली.

"ही कोण?"

"आमच्या ऑफिसातली. हुशार आहे फार," काका म्हणाले.

टोमणा नव्हता तो. टोमणा असता तर मी सुटले असते.

"हुशार आहे तर ऐक," बाई मला म्हणाल्या. "हे गृहस्थ दर गुरुवारी येतात, आणि मी दर गुरुवारी यांची हजेरी घेते. असं काम करतात का, विचारते यांना. चाळीस वर्षं मी शिकवलं. एक अक्षर चुकलं तरी पूर्ण कागद परत टाइप करायला लावायची. आणि यांची एक ओळ चुकली तर माझं घर गेलं. एवढं बोलते तरी हे बसतात खाली मान घालून. एक शब्द उलट बोलत नाहीत. का हो, बोलता का?"

"नाही," काका म्हणाले.

"तुला माहितीये का, त्या दिवशी मी हाकसुद्धा मारली नाही." बाई माझ्याकडेच बघून बोलत होत्या. "न्हाणीघराला लागून शेजारणीची खोली. ती शिवणकाम करते. दिवसभर तिचं मशीन मला ऐकू येत होतं. थांबायचं, परत सुरू व्हायचं. जोरात एक हाक मारली असती तर आली असती ती धावत. सकाळी आवाज होता माझ्यात. पण मी मारली नाही. म्हटलं, बटण दाबलेलं नाही, त्यांना कळलंच असेल. आता येईल कोणीतरी. तिला बिचारीला कामातून कशाला उठवा? अशी वाट बघत राहिले. दुपारनंतर मारावीशी वाटली, तेव्हा आवाजच निघेना."

मला ऐकवेना. हे मला माहीत नव्हतं. अहवालात हे नव्हतं, अहवाल मीच लिहिला होता. काकांना मात्र माहीत होतं, चार महिने दर गुरुवारी ते हे ऐकत होते. मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी या वेळी माझ्याकडे बघितलं नाही. ते स्वतःच्या चपलांकडे बघत बसले होते.

"बाई, ती ओळ यांची नाही," मी म्हटलं.

"थांब," काका म्हणाले.

"नाही, काका. बाई, ओळ यांनी लिहिलेली, पण ती जिथं चालत होती तिथं नीट चालत होती. ती मी उचलून भलत्या जागी टाकली. यांनी मला सांगितलं होतं, नको करूस. सगळ्यांसमोर सांगितलं होतं. मी यांची टिंगल केली. मग हे झालं, आणि मी अहवालात यांच्यावर ढकललं. मला सगळं माहीत होतं." 

बाईंनी माझ्यावरची नजर काढून काकांकडे बघितलं. मग काकांना म्हणाल्या, "खरं?"

"ओळ माझीच होती, बाई."

"मी ते नाही विचारलं."

काकांनी चष्मा काढून पुसला. बाईंचा चेहरा लाल झाला. "म्हणजे चार महिने मी तुम्हाला जे जे बोलले… अहो, सांगायचं नाही का? मला काय म्हणायचं स्वतःला?"

"तुम्हाला कोणालातरी बोलायचं होतं," काका म्हणाले. "आणि ती बोलेल असं मला वाटत होतं. म्हटलं, बघू वाट."

बाई माझ्याकडे वळल्या. मी शिव्यांची तयारी करून बसले होते. खरं तर मला त्या हव्याच होत्या. त्यांनी एक शिवी दिली नाही.

"हे कधी निवृत्त होतायत?"

"उद्या."

"मग इथं मला सांगून काय उपयोग? मी काय यांची साहेब आहे? फोन काढ."

मी फोन काढला. दोनदा चुकीचं बटण दाबलं गेलं. बाई म्हणाल्या, मोठ्याने लाव, आम्हालाही ऐकू येऊ दे. साहेबांनी लगेच उचलला.

"साहेब, टायपिंगच्या बाईंचं ते प्रकरण. चूक काकांची नव्हती. ती फाइल मी नीट न तपासता हलवली. थांबायचं काम फंक्शनमध्ये टाकू नको असं काकांनी मीटिंगमध्ये सांगितलं होतं, तुमच्यासमोर. अहवाल मी मुद्दाम तसा लिहिला. तो मला बदलायचाय, उद्याच्या आत, आणि सगळ्यांना पाठवायचाय."

 मग साहेब म्हणाले, "अगं, आता कशाला हे? मिटलंय ते. काका उद्या चाललेत. केक सांगितलाय मी." आणि थोड्या वेळाने, "हॅलो? आवाज तुटतोय तुझा. उद्या बोलू आपण."

आवाज तुटत नव्हता. मी फोन धरून बसले, साहेबांनीही अजून ठेवला नव्हता. काका पुन्हा चपलांकडे बघत होते. मला वाटलं, झालं, सांगितलं की मी, आता त्यांना ऐकायचं नसेल तर मी काय करणार? हे असं वाटलं मला, त्या खोलीत, त्या दोघांसमोर बसून. लाज लाज म्हणतात ती आणखी किती खोल असते कोण जाणे.

बाईंनी वॉकर बाजूला सारला आणि पुढे वाकून फोनच्या तोंडाशी म्हणाल्या, "काही तुटत नाहीये." मग मला म्हणाल्या, "परत सांग. पहिल्यापासून."

मी परत सांगितलं.